घरचे जाकीट : कापड, कात्री आणि माया
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवात शिवणवर्गापुढे दिलेले भाषण)



आपल्या धर्मादाय संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्हांला संकोच वाटला. आमचा व्यवसाय शाळेत विज्ञान शिकविण्याचा. फळा आणि खडू सोडून व्यासपीठावर उभे राहण्याची आम्हांला सवय नाही. परंतु चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि बोलण्यापूर्वी शिवणवर्गात एकदा डोकावून यावे असे सुचविले. त्याप्रमाणे आम्ही गेलो. वीस-बावीस मुली आणि बायका काज करीत, बटणे टाकीत, साडीला फॉल लावीत बसल्या होत्या. टाके असे एकसारखे, की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. मात्र कापड कापण्याची मोठी कात्री कोठे दिसेना. विचारता समजले, की ती कपाटात असून कपाटाला कुलूप आहे. "बाई, कापड बिघडले तर भरून कोण देणार?" असे एकीने हसत हसत सांगितले.

त्या कुलपानेच आमचा विषय ठरविला. आज आम्ही एक साधे, बाह्यांचे जाकीट घरच्या घरी कसे शिवावे आणि त्याला कापड कोणते घ्यावे हे सांगणार आहो. जाकीटच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की बेळगावच्या पावसाळ्यात आणि पौष-माघाच्या पहाटे सदऱ्यावर घालायला काहीतरी लागतेच. शिवाय परकर-झबल्याच्या पुढची आणि सुटाबुटाच्या अलीकडची ही पायरी आहे. त्यात खांद्याला भर नको, आत कॅनव्हास नको, अस्तरही नको. दोन पुढचे भाग, एक पाठ, दोन बाह्या, एक कॉलर, वरून लावलेले दोन खिसे आणि पाच बटणे एवढाच संसार. ज्या हाताने हे जाकीट कापले, तो हात पुढे कशालाही भीत नाही.

हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगतो? आमचे अब्बा शिंपी होते. दुकान लहान, एक टेबल आणि दोन पायमशिनी. रमजान असो की दिवाळी, त्या महिन्यात दुकानाचा दिवा मध्यरात्रीपर्यंत विझत नसे. अब्बा कापड टेबलावर पसरीत, खडूने रेघा ओढीत आणि "बिस्मिल्ला" म्हणून कात्री लावीत. घरी अम्मी काज करी, तुरपाई करी, बटणे लावी. दर नगाला ठरलेले पैसे मिळत. आम्ही भावंडे त्या दोघांच्या मध्ये गठ्ठे पोचविण्याचे काम करीत असू. घरात आम्ही दखनी बोलत असू. पण शिवणाचे पुष्कळ शब्द अब्बांच्या तोंडी मराठीच असत. त्यांतल्या एका शब्दाकडे आम्ही पुढे येणारच आहो.

प्रथम कापडाविषयी. दुकानात गेल्यावर रंग आणि नक्षी यांवर डोळा ठरतो, हे स्वाभाविक आहे. परंतु जाकिटाच्या कापडाची परीक्षा हाताने करावी, डोळ्याने मागाहून. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळून धरावा आणि सोडावा. सुरकुत्या तशाच राहिल्या, तर अंगावरही तशाच राहतील हे समजावे. मग कापड उजेडासमोर धरावे. वीण एकसारखी घट्ट असली, तर उजेड सर्वत्र सारखा झिरपतो. दोन अंगठ्यांनी धागे बाजूला सारून पाहावेत. ते सहज सरकून फट पडली, तर काखेत आणि खांद्यावर शिलाई उसवणार हे नक्की. शेवटी कापड दोन हातांत धरून एकमेकांवर चोळावे. पांढरी पूड पडू लागली, तर तो जाडपणा धाग्याचा नसून खळीचा आहे, आणि पहिल्या धुण्यात तो पाण्याबरोबर वाहून जाईल.

वजनाचे म्हणाल तर सदऱ्याचे कापड चौरस मीटरला साधारण १०० ते १५० ग्रॅम भरते. बिनअस्तराच्या जाकिटाला २०० ते ३५० ग्रॅमचे कापड शोभते. त्याहून हलके घेतले तर कॉलर मान टाकते, आणि त्याहून जड घेतले तर घरच्या मशिनीची सुई चार पदरांच्या ठिकाणी अडते. जाड खादी, ड्रिल, मध्यम वजनाचे डेनिम, बारीक रेघांचे कॉर्डरॉय ही सर्व कापडे चालतात. ड्रिल आणि डेनिम यांची वीण तिरपी असते. ती टिकाऊ, आणि मळ चटकन दाखवीत नाही. कॉर्डरॉय घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे, की त्यावर लव असते. सर्व तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत, तर शिवून झाल्यावर एक बाही गडद आणि दुसरी फिकी दिसते. मग दोष कोणाच्या माथी मारावा हे कळत नाही.

दुकानदार सुती म्हणतो ते सुतीच आहे का, याची परीक्षा आम्ही शाळेत मुलांकडून करवितो. कडेचे चार धागे काढावेत, चिमट्यात धरून पेटवावेत, खाली पाण्याची बशी ठेवावी. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेला गोळा बोटाने चुरता येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी होतो, तो चुरत नाही. मिश्रणात दोन्ही खुणा दिसतात. मिश्र कापड वाईट असे आम्ही म्हणत नाही. ते कमी आटते आणि कमी चुरगळते. पण पैसे सुताचे देऊन मिश्रण घरी आणू नये, एवढेच म्हणणे.

कापड पारखणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले गरग आणि हुबळीचे बेंगेरी ही गावे राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी देशभर ओळखली जातात. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक ध्वजाच्या मानकाचाच आहे. ते १९५१ साली ठरले आणि १९६८ साली सुधारले गेले. ध्वजाची खादी मापून, वजन करून, तिचा रंग उन्हात आणि धुण्यात टिकतो की नाही हे पाहून मगच स्वीकारली जाते. ज्या मुलखात कापडाची अशी पारख होते, तेथल्या लेकींनी दुकानातून केवळ रंगावर भाळून कापड आणावे, हे शोभत नाही.

आता आमच्या फजितीची हकीकत सांगतो. नोकरी लागली, पहिला पगार हाती आला. धाकटा भाऊ शिकायला बाहेरगावी निघाला होता. त्याला स्वतःच्या हाताने जाकीट शिवून द्यावे असे मनात आले. निळी जाड खादी आणली. मापे अब्बांच्या नजरेआड घेतली, कारण त्यांना चकित करावयाचे होते. कापड वाया जाऊ नये म्हणून कडेला अगदी बोटभरसुद्धा जास्त न सोडता कापले. जाकीट छान झाले. भावाने ते घालून आरशात पाहिले आणि गाडीत बसला. महिन्याने सुट्टीत आला तो मनगटे उघडी. एका धुण्यात बाह्या दीड इंच वर गेल्या होत्या आणि बटणे छातीवर ओढली जात होती.

अब्बांनी जाकीट हातात घेतले. रागावले नाहीत. ते उलटे केले, शिलाया एकेक करून बोटाने तपासल्या आणि विचारले, "माया कुठे आहे?"

शिलाईच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला आपण माया म्हणतो. ती असती तर शिलाई उसवून जाकीट सैल करता आले असते, बाहीचा दुमडा सोडून लांबी वाढविता आली असती. आम्ही काटकसरीच्या नादात मायाच सोडली नव्हती. भावाने त्या हिवाळ्यात बाह्या कोपरापर्यंत दुमडून ते जाकीट वापरले आणि मित्रांना हीच नवी पद्धत आहे असे सांगितले. ते ऐकून आम्हांला अधिकच लाज वाटली.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला असा, की सुती कापड कापण्यापूर्वी आटवून घ्यावे. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी न पिळता सावलीत वाळवावे, थोडे दमट असताना इस्त्री करावी. सुती कापड शंभरात तीन ते पाच भाग आटते, हातमागाची सैल खादी त्याहूनही अधिक आटू शकते. २४ इंचांच्या बाहीत पाच टक्के म्हणजे जवळजवळ सव्वा इंच झाला. लोकरीचे कापड मात्र असे भिजवू नये आणि गरम पाणी तर मुळीच दाखवू नये. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून कापड नमद्यासारखे घट्ट होते. त्यावर ओले फडके घालून वाफेची इस्त्री फिरवावी. रंग पक्का आहे का हे ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहावे. घरी मिठाच्या पाण्यात बुडविल्याने कच्चा रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नये.

दुसरा धडा मायेचा. खांदा आणि मुंढा यांना अर्धा इंच पुरे. बाजूच्या शिलाईला पुरता एक इंच ठेवावा. बाहीच्या तळाला आणि खालच्या घेराला दोन-दोन इंच दुमडण्यास ठेवावे. वाढत्या वयाच्या मुलाचे जाकीट असेल तर अधिक ठेवण्यासही हरकत नाही.

किती कापड घ्यावे? छाती ३६ इंच, उंची २६ आणि बाही २३ असे माप धरू. सदऱ्यावरून घालावयाचे म्हणून छातीत सहा इंच सैलपणा द्यावा, म्हणजे तयार घेर ४२ इंच होतो. कापडाचा पन्हा ५८ इंच असेल तर पावणेदोन मीटर पुरते. पन्हा ३६ इंच असेल तर अडीच मीटर घ्यावे. आटण्याचा हिशेब यात धरलेला आहे. चौकडी किंवा मोठी नक्षी जुळवावयाची असल्यास अर्धा मीटर जास्त घ्यावे. पहिल्या जाकिटाला तरी एकरंगी कापडच बरे.

आता कात्रीची भीती. मुले शाळेत गणित आधी कच्च्या वहीत करतात आणि मग पक्क्या वहीत उतरवितात. शिवणातही कच्ची वही असते, ती आपण विसरतो. जुन्या वर्तमानपत्रावर मापे आखावीत. अंगाला नीट बसणारा एखादा जुना सदरा पसरून त्याच्याशी पडताळावीत. मग तो कागद जुन्या चादरीवर किंवा स्वस्त मांजरपाटावर ठेवून कापावे आणि केवळ धावदोऱ्याने जोडावे. हे कच्चे जाकीट अंगात घालून हात वर करावा, पुढे आणावा, स्कूटर धरल्यासारखे करावे, खाली वाकावे. पाठ ताणली तर पाठीत अर्धा इंच वाढवावा. हात उचलताच सगळे जाकीट वर चढत असेल, तर मुंढा फार खोल गेला आहे. मुंढा जितका काखेजवळ, तितका हात मोकळा. बाई, मुंढा मोठा केला म्हणजे हात मोकळा होतो ना, असे आम्हांला पुष्कळजणी विचारतात. होते ते उलटच. चुका येथे कराव्यात, चादर काही बोलत नाही.

कच्चे जाकीट मनाजोगे झाले, की ते उसवून त्याचाच नमुना करावा. खऱ्या कापडाचा उभा धागा आणि नमुन्याची उभी रेघ एका ओळीत यावी. कापड काठाच्या बाजूने ताणत नाही, उरेब दिशेने ताणते. धागा चुकला तर पुढचा भाग धुतल्यावर पिळतो. टाचण्या लावाव्यात, कापड टेबलावरून उचलू नये आणि कात्रीची खालची पाती टेबलाला टेकूनच चालवावी.

शिवण्याचा क्रमही सांगतो, कारण क्रम चुकला की काम दुप्पट होते. पुढचे भाग सुटे आणि सपाट आहेत तोच खिसे लावून घ्यावेत. खिशाच्या तोंडाशी दोन्ही कोपऱ्यांना मागे-पुढे टीप मारावी, कारण हात घालताना ओढ तेथेच बसते. मग खांदे जोडावेत. मग कॉलर. कॉलरीच्या आत बकरमाचा पातळ थर द्यावा. घरात गुळेदगुड्डच्या खणाचा एखादा उरलेला तुकडा असेल, तर तो रंग तपासून कॉलरीच्या आतल्या बाजूस लावावा. मानेला मऊ लागतो, आणि कॉलर उभी केली तर शोभतोही. त्यानंतर बाजू उघड्या असतानाच बाही मुंढ्याला जोडावी, आणि मनगटापासून काखेतून थेट खालच्या घेरापर्यंत एकच लांब शिलाई मारावी. साध्या जाकिटाला ही रीत सोपी पडते. अस्तर नसल्यामुळे आतल्या कडा उघड्या राहतात, त्यांना उरेब पट्टी लावावी. प्रत्येक शिलाईवर लगेच इस्त्री फिरवावी आणि मगच तिला आडवी जाणारी दुसरी शिलाई मारावी. मध्यम कापडाला १४ नंबरची सुई आणि डेनिमला १६ नंबरची सुई लावावी. शेवटी काज आणि बटणे. ते काम तुम्हांला आम्ही काय शिकविणार?

आणि येथेच आम्हांला जे सांगावयाचे होते ते आले. अब्बांच्या हाताला कंप सुटला तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. खडूची रेघ वाकडी जाऊ लागली. गिऱ्हाइके जुनी, भल्या स्वभावाची, पण वाकडे कापलेले कापड कोण सोशील? एके दिवशी अब्बांनी कात्री खाली ठेवली आणि सहा महिन्यांत दुकान बंद झाले. घरात अम्मी होती. तीस वर्षे तिने काज केले होते. सदरा, कोट, शेरवानी यांतला कोणताही कपडा आतून बाहेरून तिने हाताळलेला होता. कोणत्या कपड्याची कोणती शिलाई कोठे येते, हे तिला डोळे मिटून सांगता आले असते. परंतु कात्री तिने एकदाही चालविली नव्हती. अब्बा कठोर होते म्हणून नव्हे. कापड गिऱ्हाइकाचे, बिघडले तर भरून कोण देणार, हाच प्रश्न आमच्याही घरात होता. दुकान गेल्यावर तिने दुसऱ्यांच्या दुकानांचे काज घरी आणले, त्याच नगावारी दराने, आणि त्यावर आमचे शिक्षण पुरे झाले.

पुढे एकदा आम्ही तिला विचारले, की तुला कधी कापावेसे वाटले नाही का? ती म्हणाली, "वाटले की. पण कोणी एखादे बिघडवायला कापड दिले नाही." अब्बा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची कात्री धार लावून आणली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. तेव्हा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

भगिनींनो, शिवणकामात पैसा आणि मान कात्रीकडे असतो. काज करणारीला नगाचे पैसे मिळतात, कापणारीला गिऱ्हाईक मिळते. तयार कपड्यांच्या या दिवसांत नुसत्या टाक्यावर घर चालविणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे. परंतु अंगाला न बसणारा तयार कपडा सुधारून देणारी, मापाचे जाकीट शिवून देणारी बाई गल्लीत असेल, तर तिच्या दारी लोक आजही येतात.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे आमची एक विनंती आहे. संस्थेने पंचवीस वर्षांत पुष्कळ दिले. मशिनी दिल्या, खोली दिली, शिकविणाऱ्या बाई दिल्या. आता बिघडविण्यासाठी कापड द्यावे. वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला अडीच मीटर मांजरपाट मिळावा, त्याचे काय झाले हे तिला कोणी विचारू नये, आणि तो संपल्यावर जाकिटाचे खरे कापड तिच्या हाती द्यावे. पहिल्या दहा जणींचा मांजरपाट आम्ही आमच्या पगारातून आणून देऊ. तो आम्ही रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच आणू, याची खात्री असावी.

कापडात जशी माया सोडावी लागते, तशी शिकणाऱ्याच्या चुकीसाठीही सोडावी लागते. ती आत दडलेली असते, वरून दिसत नाही, पण पुढे कधी कपडा सैल करावयाचा झाला तर तीच उपयोगी पडते. एवढे सांगून आणि कपाटाची किल्ली आजच शिवणवर्गाच्या बाईंकडे यावी अशी आशा करून आम्ही आपली रजा घेतो.